प्रभू अजून बोलला नाही

आमच्या चर्चमध्ये माणसं कमी झाली, गट मात्र दोन्ही शाबूत राहिले. सेक्रेटरीच्या निवडणुकीत अर्धे हात रूबेन सरांसाठी वर झाले, अर्धे विल्सनभाऊंसाठी. हात खालीच ठेवून बसल्या त्या एकट्या एस्तेरमावशी. प्रताप नगरात त्या एकट्याच राहतात.

"मी प्रार्थना करून राहिली. प्रभूनं मले अजून काही सांगतलं नाही," मावशी म्हणाल्या. आता चर्चमध्ये याच्यावर कोण काय बोलणार? निवडणूक पुढे ढकलली.

तेव्हापासून रूबेन सरांची बायको मावशींसाठी गरमागरम डबा घेऊन येते. विल्सनभाऊ स्वतः त्यांच्या कूलरमध्ये पाणी भरतात, रविवारी कारनं चर्चला नेतात. दोन्ही गट आळीपाळीनं येऊन त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करतात.

पुढे दोनदा निवडणूक ठेवली, दोन्ही वेळा प्रभू गप्पच.

शेवटी पास्टर घरी आले. "मावशी, खरंच प्रभू काही बोलला नाही?"

मावशींनी आधी दाराबाहेर कोणी नाही ना ते पाहिलं.



"पहिल्याच दिवशी बोलला. म्हणे, 'थांब वं एस्तेर. निकाल लागला का मंग तुह्या घरी कोणी येत नाही.'"