एकतीस जून

मशीननं तिसऱ्यांदा तेच बिल परत फेकलं. रस्तादुरुस्ती. रक्कम बरोबर, सही बरोबर, शिक्का जागेवर. मंजुरीची तारीख, एकतीस जून.

"जून तीस दिवसांचा असतो, नाना," बाई म्हणाल्या.

"असतो खरा," नाना म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

बाईंना या कचेरीत येऊन तीन महिने झाले होते. रस्तेखात्याची बारा वर्षांची बिलं संगणकावर चढवायची आणि त्यातली खोटी हुडकून काढायची, एवढ्यासाठी त्यांना वरून धाडलं होतं. न केलेल्या कामांचे पैसे वर्षानुवर्षं कुणीतरी उचलतंय, हे शहरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. पुरावा मात्र कुणाकडे नव्हता. आधीचे दोन अधिकारी हात हलवत परत गेले. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी रिकाम्या हातानं जायची नाही."

कचेरीनं त्यांचं नाव चाळणी ठेवलं. कानावर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बरंय की. चाळल्याशिवाय खडे कसे सापडणार?"

नाना बिलं नोंदवणारे कारकून. निवृत्तीला पंधरा दिवस उरलेले. या वयात कोण संगणक शिकतंय, म्हणून पोरं हसली होती. पण नाना रोज अर्धा तास आधी येऊन एका बोटानं टकटक करत बसायचे, आणि महिन्याभरात त्यांनी त्या हसणाऱ्या पोरांनाच दोन गोष्टी शिकवल्या. बाईंना त्यांचं फार कौतुक होतं. म्हणूनच मशीननं काढलेली चुकांची यादी पाहून त्यांना वाईट वाटलं.

एकूण बिलं अकरा हजार. मशीनला न पटलेली चारशे सात. एकतीस एप्रिल, एकतीस जून, एकतीस सप्टेंबर, एकतीस नोव्हेंबर. सगळी नानांच्या हातची.

"नानांचं कॅलेंडरच वेगळं," हेडक्लार्क सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यांचा पगारही एकतीस जूनलाच काढा." सगळी खोली हसली. नानाही हसले.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. "कशा झाल्या इतक्या चुका?"

नानांनी एकदा हेडक्लार्कच्या टेबलाकडे पाहिलं. हेडक्लार्क दोन हातांच्या अंतरावर पेपर चाळत होते.

"वय झालं, मॅडम. पण एवढं करा. आहे तसं राहू द्या. चुकलेलं चुकलेलंच दिसू दे."

"नुकसान तुमचं होईल, नाना."

"होऊ दे. निवृत्तीचा आदेश हातात पडला की निवांत येतो. मग बोलू."

किती सरळ माणूस, असं बाईंना वाटलं. आणि आठवड्याभरात पेन्शन विभागाचं पत्र आलंच. चारशे सात चुकांची चौकशी होईपर्यंत या कर्मचाऱ्याचा आदेश निघणार नाही. चौकशी म्हणजे दोन वर्षं, निदान. नानांची बायको आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जात होती, आणि त्या वेळी तर तिथेच भरती होती. नाना चार दिवस रजेवर होते.

बाईंचं डोकं तापलं. लाखो रुपये गिळणारे गावभर मिरवतायत, आणि तारीख चुकली म्हणून या माणसाचं औषधपाणी तोडायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. हे मी होऊ देणार नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांनी ठरवलं की ठरवलं.

पण नियमाबाहेर त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी नियमावली काढून ओळ न ओळ वाचली. कारकुनी चूक असल्यास माहिती कायम करण्यापूर्वी प्रकल्पप्रमुखानं स्वतः दुरुस्त करावी. अशा दुरुस्तीची वेगळी नोंद राहत नाही. कायम केल्यावर कुणालाही हात लावता येत नाही, आणि मूळ कागदी बिलं त्याच दिवशी लगद्याला जातात.

बाई दोन दिवस बसल्या. जेवणाचा डबासुद्धा टेबलावरच उघडला. एकतीसच्या जागी तीस, चारशे सात वेळा. महिनाअखेरीला तशीही बिलांची रास असते. ही त्या राशीत मिसळून गेली. मशीनची यादी शून्यावर आली, म्हणजे चौकशीचं कारणही संपलं. बाईंनी 'कायम' दाबलं. दुपारी कागदांची पोती ट्रकमध्ये चढली. माहिती आता आरशासारखी स्वच्छ होती. आता खऱ्या चोरांकडे वळायचं, असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

निवृत्तीच्या दिवशी नाना आले. आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"या, बसा. मला तुम्हाला एक गोड बातमी सांगायचीय," बाई म्हणाल्या.

"आधी माझं ऐका, मॅडम." नानांनी आदेशाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच बोलायला लागले. "हा मिळेल असं वाटलं नव्हतं. हा मिळेपर्यंत तोंड उघडायची सोय नव्हती. माझ्या आधी एकजण बोलला, त्याची पेन्शन अजून सुटली नाही."

"बोला."

"खोटी बिलं माझ्याच हातून गेलीत. हेडक्लार्क आणून द्यायचे. नोंदव, नाहीतर घरी बस, म्हणायचे. बायको आजारी. मी नोंदवली. पण कधीतरी कुणीतरी नीट बघणारं येईल, म्हणून प्रत्येकावर खूण ठेवली. बारा वर्षं कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही. तुमच्या मशीननं एका दिवसात पकडली."

बाईंनी मशीनवरच्या रिकाम्या यादीकडे पाहिलं.

"जे काम झालंच नाही, त्याला नसलेली तारीख घातली, मॅडम," नाना म्हणाले. "आता दुसरं काही शोधू नका. ती एकतीस तारखेची तेवढी बाहेर काढा."