राष्ट्रगीत संपेपर्यंत

"विमानतळ उघडा आहे का?" माझ्या गाडीवर नूडल्स खाणाऱ्या गोऱ्या प्रवाशानं तिसऱ्यांदा विचारलं. "सकाळी बंद होता, दुपारी उघडला म्हणतात. आता बँकॉकमध्ये कुणाला काय ठाऊक, बाबा! तू आधी खाऊन घे." तेवढ्यात सरकारविरोधी मोर्चातल्या लाल सदऱ्यांचा लोंढा आमच्या गल्लीत घुसला, आणि मागून पोलीस. लोंढ्यात माझा प्रासित होता, हातात दगड घेऊन. सकाळी "मामाकडे चाललोय" म्हणून गेलेला गुणी लेक! एका पोलिसानं त्याला गाठून काठी उगारली, आणि नेमके सहा वाजले. रेल्वे स्टेशनच्या कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. ते लागलं की आमच्याकडे कुत्रंही हलत नाही. काठी खाली आली ती पोलिसाच्याच मांडीलगत. प्रासितनंही दगडाचा हात खाली सोडला. सगळी गल्ली ताठ उभी राहिली, मीसुद्धा, हातातल्या पळीसकट. फक्त गोरा चाकांची बॅग खडखडवत पळायला लागला. भांडण विसरून दोन्हीकडचे त्याच्याकडेच डोळे वटारून बघायला लागले. मी त्याचं मनगट धरलं. "हलू नकोस, मेल्या!" गोंधळून तो एकदा काठीकडे, एकदा दगडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मिटलं?" रोज या गाण्यात माझा रस्सा उतू जातो, म्हणून मी चरफडते. आज मात्र ते संपूच नये, असं वाटत होतं. शेवटचा सूर विरला. "गाणं संपलं!" प्रासितकडे बघत मी ओरडले, "आता पळ!"