पिवळी न पडलेली गिटार

“हिला काय धाड भरलीय, काकू? ठणठणीत आहे की,” गिटार काउंटरवर ठेवत दुरुस्तीवाली म्हणाली.

नवऱ्याचं तोंड उतरलं. बायको तारांची पाकिटं बघायला वळली होती, तेव्हा त्याने या पोरीच्या कानात सांगितलं होतं, “मान मोडलीय म्हणा. वाचणार नाही म्हणा.” पोरीला ती चेष्टा वाटली होती.

रविवारी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. नणंदेने झाडून सगळ्या नातलगांना सांगून ठेवलं होतं, दादा गिटार वाजवणार. दादाला गिटार येत नव्हती. ही गोष्ट जगात फक्त दादाला आणि गिटारला ठाऊक होती. लग्नापासून दर गुरुवारी दुपारी तो सराव करायला म्हणून माडीवरच्या काचेच्या खोलीत जायचा, आतून कडी लावायचा आणि मागच्या जिन्याने पसार व्हायचा. गिटार पलंगाखाली, पेटीत, झोपलेली.

पुरावे मात्र त्याने चोख ठेवले होते. तारा नेमाने बदलायच्या, अंगठ्याने चोळून काळ्या करायच्या. वाजवून पडतात तसे ओरखडे त्याने स्कूटरच्या किल्लीने काढले होते. ओरखडे खरोखर कलेने काढले होते. कला होती, ती तिथेच संपली होती.

“दर गुरुवारी वाजवतात हो,” बायको सांगत होती. “वर काचेच्या खोलीत, भर उन्हात. मी खाली स्वयंपाकघरात बसून ऐकते. एक गुरुवार चुकवला नाही मी. वन्संना विचारा.”

“भर उन्हात?” दुरुस्तीवालीने भिंतीवरची एक गिटार काढून शेजारी ठेवली. “ही तुमच्या गिटारची सख्खी बहीण. तोच कारखाना, तेच वर्ष, तोच पांढरा रंग.”

बहीण चहात बुडवून ठेवलेल्या कवळीसारखी पिवळी होती.

“कुणी पिवळीच घेतली असेल,” नवरा म्हणाला.

दुरुस्तीवालीने स्क्रू काढून बहिणीच्या पोटावरची प्लास्टिकची प्लेट उचलली. प्लेटखाली तिच्याच आकाराचा दुधासारखा पांढरा डाग. “बघा. रंग पिवळा पडतच नाही, काका. रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो पिवळा पडतो. ऊन खातो, धूर खातो, घाम पितो. म्हणजे पांढऱ्या गिटारने पिवळा चष्मा लावल्यासारखं. जिथे उजेड पोचत नाही तिथे ती तशीच राहते.” मग तिने नवऱ्याच्या गिटारची प्लेट काढली. आत पांढरं, बाहेरही तेवढंच पांढरं. ती हरखूनच गेली. “इतकी वर्षं उन्हात आणि डाग नाही! काका, हा चमत्कार आहे. थांबा, फोटो काढते.”

नवऱ्याला दरदरून घाम फुटला. त्याने खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर पिस्त्याचं एक टरफल काउंटरवर पडून टणकन वाजलं. रक्तदाबामुळे घरात खाऱ्या पिस्त्यांना बंदी होती.

“हे काय?” बायकोने विचारलं.

“याने तारा छेडतो,” नवरा म्हणाला. “आवाज गोड येतो.”

बायको त्या टरफलाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “वाजवून दाखवा.”

त्याने गिटार मांडीवर घेतली. उलटी घेतली. दुरुस्तीवालीने ती सरळ करून दिली. मग त्याने सहाही तारा एकदा मोजून पाहिल्या.

“मला येत नाही,” तो म्हणाला.

“मग गुरुवारी?”

“नदीकाठच्या बागेत जातो.”

“कोणाबरोबर?”

“एकटाच. बाकावर बसतो.”

“आणि?”

“आणि काही नाही. बसतो.”

दुरुस्तीवालीने फोन खाली ठेवला. बायको स्टूल ओढून बसली. दुसरी बाई निघाली असती तर निदान काय बोलायचं ते तरी सुचलं असतं. बाकावरून कसं भांडतात?

ती तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी हललं. “पण तू तर दर गुरुवारी संध्याकाळी म्हणायचीस, आज काय सुरेख वाजवलंत म्हणून!”

बायकोचा चेहरा काउंटरवरच्या बहिणीसारखा झाला.

“मला वाटायचं, तुझं प्रेम,” तो म्हणाला. “अगं, मग तू ऐकत काय होतीस? आणि कुठे?”

बायकोने ते टरफल उचललं, दोन बोटांत धरून फिरवलं.

“बाक कुठला?” तिने हळूच विचारलं.

“झुडपांच्या कुंपणाला पाठ लावलेला. का?”

“म्हणजे इतकी वर्षं कुंपणापलीकडून माझ्या डोक्यावर टरफलं टाकणारा तो मेला तुम्हीच?”