जर्दाळूची छाटणी

"अगं, बाजूला हो जरा. तुझी सावली येतेय."

बायको बाजूला झाली. ती इतक्या वेळा बाजूला झाली होती, की साहेबांनी काढलेल्या बागेच्या शेकडो फोटोंत तिचं बोटसुद्धा दिसत नव्हतं. साहेब जर्दाळूच्या झाडाखाली एक गुडघा टेकून बसले होते, कॅमेरा डोळ्याला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना साहेबच म्हणे आणि त्यांनाही ते रुचे.

थंडी नुकती ओसरत होती. झाडावर पान नव्हतं, पण काटकी न् काटकी गुलाबी कळ्यांनी लगडली होती. सगळ्यात वरच्या फांदीवर पाच फुलं उमललीही होती. हे झाड बायकोनं बी रुजवून वाढवलेलं, आधी फुटक्या बादलीत, मग जमिनीत. सात वर्षांत ते असं पहिल्यांदाच भरलं होतं. सकाळपासून काही ना काही निमित्त काढून ती चारदा येऊन बघून गेली होती.

बागेच्या मासिकातली मुलगी खुर्चीत बसून लिहून घेत होती. मागच्या महिन्यापर्यंत ती पाककृतींचं पान सांभाळायची, त्यामुळे साहेब म्हणतील ती पूर्व दिशा.

"पुढच्या आठवड्यात पूर्ण बहर आला, की या झाडाचा फोटो मुखपृष्ठावर," ती म्हणाली. "वर मोठ्या अक्षरांत, 'साहेबांची बाग'. काकूंची मदत होत असेल ना?"

"हिची?" साहेब हसले. "ही पाणी घालते. झाडांतलं तिला काय कळतंय!"

बायको तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप मात्र जरासुद्धा हलले नाहीत. कुदळ धरून धरून हात चांगले घट्ट झाले होते.

"आणि छाटणी कधी करता?" मुलीनं विचारलं.

साहेबांनी जन्मात कात्री धरली असेल, तर ती उद्घाटनाची फीत कापायला. पण 'माहीत नाही' असं म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

"छाटणी ना? ती आत्ताच. कळी टपोरी झाली रे झाली, की लगेच."

"म्हणजे फुलं यायच्या आधी?"

"अर्थात! नंतर छाटून काय उपयोग? वरातीमागून घोडं!"

मुलीनं तेही लिहून घेतलं.

जर्दाळू छाटायचा तो फळं उतरल्यावर, हे बायकोनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आत्ता छाटला, तर यंदाचा बहर गेलाच. ती बोलायला गेली आणि थांबली. ट्रे ठेवून घरात गेली, आणि बाहेर आली ती छाटणीची कात्री घेऊन. कालच धार लावलेली.

"अहो, मग दाखवा ना त्यांना करून. फोटोही छान येईल."

"वा, काकू! मस्तच!" मुलीनं फोन काढला.

साहेबांनी कात्री उलटी धरली. बायकोनं ती सुलट करून त्यांच्या हातात दिली.

पहिली फांदी खाली पडली, तशी बायकोनं नजरेनंच कळ्या मोजल्या. तीस-चाळीस कळ्या तरी असतील तिच्यावर. थांबवावं का? एक शब्द पुरला असता. पण सूड काय फुकट मिळतो होय? ती एवढंच म्हणाली, "अजून खालून घ्या. लाजता काय? तुमचीच तर बाग आहे."

कच. कच. साहेबांना चेव आला. मुलगी "वा, वा" करत फोटो काढत होती. पाच फुलांची ती वरची फांदी तेवढी उरली, तेव्हा मात्र साहेब थबकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"ही राहू द्यायची का गं?"

ती फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. भांडी घासताना बायको रोज त्या फांदीकडेच बघत असे.

"अर्धवट काम बरं दिसत नाही," बायको म्हणाली.

कच.

मुलीनं मान वर करून पाहिलं. "किती सुटसुटीत झालं हो! मग आता बहर कुठे येणार?"

साहेबांनी झाडाकडे पाहिलं. उघडे चार खुंट उरले होते. मग पायाशी पडलेल्या कळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. त्यांनी कात्री हळूच पाठीमागे लपवली. मुलीनंही त्या ढिगाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. ती उठली. मुखपृष्ठासाठी मग दुसरी एखादी बाग बघते, असं म्हणून तिनं वही मिटली.

बायको तोवर फांद्या गोळा करत होती. एकही तिनं मातीत राहू दिली नाही. टपोऱ्या कळ्यांची फांदी पाण्यात ठेवली, तर घरातसुद्धा फुलते. फार तर चार दिवस लागतात. कवेत मावतील तेवढ्या फांद्या घेऊन तिनं खेपा घातल्या आणि स्वयंपाकघरात दोन बादल्या भरून टाकल्या. साहेबांनी घराच्या कानाकोपऱ्याचे फोटो काढले होते, पण या खोलीत ते सहसा फिरकत नसत.

आज आले. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता. दारातूनच त्यांना बादल्या दिसल्या.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मग थांबवलं का नाहीस मला?"

तिनं नळ सोडला आणि रिकामं पातेलं धारेखाली धरलं.

"मी कोण थांबवणारी?" ती म्हणाली. "मी आपली पाणी घालते."