पिस्तुलाचा माग

महायुद्धात आजोबांनी इटालियन अधिकाऱ्याशी झुंजून हे पिस्तूल हिसकावलं, असं हिंमतराव अख्ख्या वाशी गावाला सांगत. त्यावरच्या नंबराचा माग काढत गावच्या शाळेतल्या शंभुलिंग सरांनी त्या अधिकाऱ्याची नात शोधली. तिनं पाठवलेलं तिच्या आजोबांच्या रोजनिशीचं पान सरांनी भीतभीतच वाचून दाखवलं. ‘तीन दिवस उपाशी होतो. माझ्या माणसांना घेऊन शरण गेलो. पिस्तूल एका हिंदी आचाऱ्याच्या हातात दिलं.’

“म्हंजी आमचे आजोबा आचारी व्हते?”

सरांनी मान खाली घातली.

“माणसं किती व्हती, सर?”

“बावीस.”

हिंमतरावांनी मिशीवर हात फिरवला आणि बायकोला हाक मारली. “उद्या खंडेनवमीला शस्त्रं पुजताना पिस्तुलाशेजारी उलथनं बी मांड. बावीस जण त्यानंच धरलेत.”