मैंदर्गीच्या अलीकडं

मैंदर्गीच्या अलीकडं रावजीच्या ट्रकमधलं डिझेल संपलं. भर उन्हात तो हात करत होता, पण कुणी थांबेना. शेवटी एक ट्रक थांबला. कॅन घेऊन सतीश खाली उतरला, तसा रावजीचा चेहरा पडला.

गेल्या उन्हाळ्यात साप चावलेल्या बायकोला, नागूबाईला, दवाखान्यात नेताना सतीशचंही डिझेल असंच संपलं होतं. तो रस्त्यावर येऊन ओरडत होता. रावजी बाजूनं ट्रक काढून निघून गेला. नागूबाई केबिनमध्येच गेली.

सतीशनं टाकीत डिझेल ओतलं, पाइपातली हवा काढली, गाडी चालू करून दिली.

रावजीनं हात जोडले. "माफ केलंस व्हय मला?"

"न्हाय," सतीश म्हणाला. "किती वेळ लागतो, ते तुला दाखवायचं हुतं."