पानातली पोळी

हयवदनने हात पुढे केला आणि गोदूबाईच्या पानातली गुळाची पोळी उचलली.

बायकोच्या वर्षश्राद्धाचा दिवस होता. फोटोपुढे केळीचं पान वाढलं होतं. संहिताने, सुनेने, सासूच्या आवडीची म्हणून ती मुद्दाम केली होती.

"अण्णा, निदान आईच्या पानातली तरी सोडा," श्रीहर्ष म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

हयवदनचं वजन एकशे चाळीस किलो. त्याला असं बोलायला कुणी कचरत नसे. पोळी घेऊन तो आत गेला. पाहुणे गेल्यावर मुलाला म्हणाला, "वजन उतरवायचं ऑपरेशन असतं ना? मला करायचंय."

कोरमंगलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर शाल्मलीने विचारलं, "काका, आत्ताच का? गुडघे दुखतात?"

"तुळेत बसायचंय."

तीन वर्षांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला होता. तेव्हा गोदूबाई नवस बोलली होती. नवरा वाचला तर त्याच्या वजनाएवढा गूळ कृष्णाला वाहीन. तो वाचला. कृष्णाच्या मठात तुळा बांधली. एका पारड्यात तो बसला, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचल्या. पारडं भरलं, वरच्या ढेपा घरंगळून खाली आल्या, तरी हयवदन जमिनीवरून हलला नाही. साखळी करकरली.

"साकु, अण्णा, पुरे," पुजारी कानडीमिश्रित मराठीत म्हणाले. "तुटेल."

"क्रेन बोलवा!" गर्दीतून कुणी ओरडलं. मठ हसला. गोदूबाई हसली नाही. देवापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि एकेक ढेप उतरवायला लागली.

पुढे तापाचं निमित्त होऊन ती गेली. नवस तसाच राहिला.

ऑपरेशनआधी नुसतं पातळ घ्यायचं होतं. ताक, डाळीचं पाणी, सार. खालच्या हॉटेलातून तुपातल्या डोशाचा वास वर यायचा. हयवदन ताकाची वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. ऑपरेशननंतर तर पाणीसुद्धा चमच्याने. डॉक्टरांनी गूळ-साखर कायमची बंद केली. एकदा घाईने गिळलेला इडलीचा तुकडा छातीत अडकला. डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी पाठीवरून फिरणारा हात आता नव्हता. मग तो उठायचा आणि चालायला जायचा.

शर्ट ढगळ झाले. पट्ट्याला नवी भोकं पडली. शेजारचे आप्पाजी गेटवर अडवून म्हणाले, "काय अण्णा, दुसरेपणाचा विचार दिसतोय!"

"छे हो. पहिलीसाठीच चाललंय."

पुढच्या वर्षी श्राद्धाच्या आदल्या दिवशी तो मठात गेला. पुजारी तेच होते. त्यांनी आधी त्याला ओळखलंच नाही. हयवदन पारड्यात मांडी घालून बसला. ढेपा चढायला लागल्या. पारडं हललं, उठलं, समोरच्या पारड्याच्या बरोबरीला आलं.

"सरी, झालं," पुजारी म्हणाले.

"नाही झालं. माझं त्या वेळी वजन होतं तेवढा गूळ घाला. ती बोलली तेव्हा मी तेवढा होतो."

उरलेल्या ढेपा दोरीने बांधून चढवल्या. गुळाचं पारडं धपकन जमिनीला टेकलं आणि हयवदन वर गेला. लोकांच्या डोक्यांच्याही वर. साखळ्या धरून तो हसत होता. खालून श्रीहर्ष टाळ्या वाजवत होता. मग सगळा मठच वाजवायला लागला.

घरी येऊन त्याने प्रसादाचा गूळ संहिताच्या हातात दिला. "उद्या ह्याचीच पोळी कर."

दुसऱ्या दिवशी फोटोपुढच्या पानात त्याने स्वतःच्या हाताने पोळी वाढली. वर तूप सोडलं.

श्रीहर्षला राहवलं नाही. "अण्णा, मागच्या वर्षी तर तुम्हीच उचलून घेतलीत."

"तेव्हा तिला चालत नव्हती. तुळा पुरी होईपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही, असं ढेपा उतरवल्या त्या दिवशी देवाला सांगून आली होती. सणाला आपल्याला पोळ्या वाढायची आणि स्वतः भाकरी खायची."

त्याने पान फोटोजवळ सरकवलं.

"घे गोदू," तो म्हणाला. "आता पोटभर खा."